पी-१०४ बी ची तब्येत

४ फेब्रुवारी

मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, हातपाय धड आहेत. इथे प्लांटच्या फाटकावर फोन काढून घेतात, कारण आत गॅस आहे आणि फोनच्या ठिणगीवर कोणाचा भरवसा नाही. क्वार्टरवर रेंज येते ती फक्त बाथरूमच्या खिडकीत. शिवाय तुला फोन केला की आई वरच्या मजल्यावरून खाली येणारच, "काय म्हणत होती" विचारत. मला जे सांगायचंय ते आईला कळायला नको. ती म्हणेल, सोड नोकरी आणि ये घरी, आणि ते इतक्यांदा म्हणेल की मी येईनही. म्हणून हे पत्र.

मी नेमकं काय करते असं तू मागे विचारलं होतंस आणि मी "कॉम्प्युटरवर असतं काहीतरी" म्हणून उडवून लावलं होतं. तर ऐक. इथे जमिनीतून गॅस येतो. त्यातलं पाणी आणि तेल वेगळं काढून तो पुढे पाठवतात. त्यासाठी पंप, टाक्या, व्हॉल्व्ह आणि पाइपांचं हे एवढं जंगल. त्यातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो, त्याला आम्ही टॅग म्हणतो. आणि प्रत्येक वस्तूची माहिती ड्रॉइंगमध्ये एक, दुरुस्ती खात्याच्या कॉम्प्युटरात दुसरी आणि खरेदी खात्याकडे तिसरीच. एकाने मध्ये रेघ मारलीय, दुसऱ्याने जागा सोडलीय, तिसऱ्याने टिंब दिलंय. कॉम्प्युटर इतका सरळ मनाचा की एका पंपाचे त्याला तीन पंप वाटतात. माझं काम या सगळ्यांचं आपसात पटवून देणं. आकड्यांची भांडणं मी मिटवते आणि त्यातून माणसांची नवी सुरू होतात.

आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे 'एकक्लिक' म्हणतात. कारण ते ज्याला त्याला सांगत असतात, "अख्खा प्लांट एका क्लिकवर दिसला पाहिजे." माणूस वाईट नाही. पण मॉडेलचं त्यांना वेड आहे. दिवसभर खोलीत बसून मॉडेलकडे बघत असतात. फिरवून फिरवून बघतात. परवा तर जेवायलासुद्धा उठले नाहीत.

या आठवड्यात मी सगळ्या यंत्रांच्या तब्येतीचा गोषवारा काढला. पहिला आला पी-१०४ बी नावाचा पंप. कित्येक वर्षांत एकदा बिघडलेला नाही. दर महिन्याला तपासणी, दर महिन्याला एकच शेरा: आवाज नाही, गळती नाही, तापत नाही. म्हटलं, एवढा गुणी पंप एकदा डोळ्यांनी बघावा. गेले. पी-१०४ ए जागेवर होता, ग्रीसने माखलेला आणि म्हाताऱ्यासारखा कण्हत. शेजारी सिमेंटचा एक चौथरा, त्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट, आणि मधोमध एक मांजर झोपलेलं. पंप नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी ठकू

१२ फेब्रुवारी

ठके,

अगं पंप चोरीला गेला हे तू इतक्या गारपणे कसं लिहितेस? आधी भंगारवाल्याकडे जा. आमच्या गल्लीतल्या शाळेची घंटा गेली होती तेव्हा हेडमास्तर पोलिसात गेले आणि शिपाई भंगारवाल्याकडे गेला. घंटा कोणाला मिळाली असेल ते तूच सांग.

दुसरं म्हणजे तुझ्या साहेबांचं. त्यांच्या बायकोला माहीत आहे का हे? एवढा मोठा अधिकारी, दिवसभर खोलीत बसून मॉडेलकडे बघत बसतो, वर फिरवून फिरवून बघतो, आणि तू लिहितेस माणूस वाईट नाही. ती बिचारी मुलगी तरी कुठली कोण, तिला हे चालतं का? तू त्या खोलीत एकटी जात जाऊ नकोस.

ताईला मी काही सांगणार नाही. मलाही तिच्यापासून एक गोष्ट लपवायची आहे, त्यामुळे तुझं गुपित माझ्याकडे अगदी सुरक्षित आहे. सध्या दुपारी मी तासभर बाहेर असते. ताईला सांगते वाचनालयात जाते. एक गृहस्थ आहेत. वयाने माझ्याहून थोडे लहान, पण फार शांत. माझ्यावर अजून एकदाही आवाज चढवला नाही. कधी कधी डोळे मात्र मिटून घेतात. "हात सैल सोडा, घाबरू नका, मी शेजारीच आहे," म्हणतात. तुझे काका गेल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं गं. तासाभराने घरी आले की मन कसं हलकं होतं. बाकी भेटीत.

पत्र वाचून फाडून टाक. आणि भंगारवाल्याचं विसरू नकोस.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी माझ्याकडचं सांगते, मग तुझ्याकडे येते.

मॉडेल म्हणजे बाई नव्हे. प्लांटचं कॉम्प्युटरमधलं चित्र, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारं. साहेबांची बायको शाळेत गणित शिकवते आणि तिला या मॉडेलबद्दल सगळं माहीत आहे, कारण ते घरीही दुसरं काही बोलत नाहीत.

पंप चोरीला गेलेला नाही. मी दुरुस्तीच्या फोरमनला विचारलं. तो आधी छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तो मी इथे यायच्या आधीच काढला. दुसऱ्या कुठल्या तरी युनिटला गरज होती." मी म्हटलं, मग दर महिन्याला तपासता कोणाला? तो म्हणाला, "कॉम्प्युटर दर महिन्याला काम काढतो. पूर्ण केलं नाही तर आमच्या खात्यासमोर लाल दिवा लागतो. लाल दिवा लागला की साहेबांचा फोन येतो. म्हणून आम्ही जाऊन बघतो आणि लिहितो."

"काय बघता?"

"आवाज आहे का, गळती आहे का, तापतोय का. मॅडम, आम्ही खोटं कधीच लिहिलेलं नाही."

खरंच त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

आता हे साहेबांना सांगायचं कसं? पुढच्या महिन्यात मुख्य कार्यालयातून पाहुणे येणार आहेत, मॉडेल बघायला. साहेबांनी त्यांना कळवून टाकलंय की मॉडेल आणि प्लांट यांत केसाचाही फरक नाही. मी सांगितलं की त्यांचा चेहरा कसा होईल हे मला इथूनच दिसतंय. तू सांग, काय करू?

आता तुझं. मावशी, मी लहान नाही. काकांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुझं आयुष्य तुझं आहे. ते गृहस्थ चांगले वाटतात. माझा काही आक्षेप नाही, उलट बरं वाटलं. आईला मी समजावेन, पण मी तिथे येईपर्यंत तू तिला काही बोलू नकोस. फक्त एक विचारू का? ते डोळे का मिटतात?

ठकू

२७ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र वाचून मी ओट्यावर बसले आणि एवढी हसले की ताई वरून खाली आली. "काय झालं?" "काही नाही, दूध उतू गेलं." "दूध उतू गेल्यावर कोणी हसतं का?" मग तिने सगळी भांडी उघडून पाहिली. दूध कुठेच नव्हतं.

अगं मी गाडी शिकतेय. चारचाकी. ते गृहस्थ मोटार ट्रेनिंग स्कूलचे मास्तर आहेत, त्यांना बायको आहे, तीन मुलं आहेत आणि माझ्यामुळे बहुतेक रक्तदाबही आहे. मी वळण घेते तेव्हा ते डोळे मिटतात. तुझे काका गेल्यापासून त्यांची गाडी आवरणाखाली उभी आहे. मी दर रविवारी आवरण काढते, गाडी पुसते, परत आवरण घालते. यंदा मला एकदम वाटलं, हे मी काय करतेय? पुसायचीच होती तर पितळेचा गडवा काय वाईट होता? म्हणून शिकायला लागले. ताईला कळलं तर ती म्हणेल, या वयात हातपाय मोडून घेशील आणि करायचं मला पडेल. आणि तू माझं लग्न लावायला निघालीस. कार्टे.

आता तुझ्या साहेबांचं. नीट ऐक. मोठेपणा मिरवणाऱ्या माणसाला त्याची चूक कधी सांगू नये. ती त्याला स्वतःला सापडू द्यावी. तुझे काका चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. मी सांगितलं की चिडायचे. मग मी सांगणं सोडलं आणि त्यांना आरशासमोर नेऊन उभं करायला लागले, "शर्टाची कॉलर नीट आहे का बघा" म्हणून. आपोआप सापडायचा, वर खूशही व्हायचे. तू साहेबांना काहीतरी निमित्त काढून त्या चौथऱ्यापाशी ने. बाकी काही बोलू नकोस. माणसाला डोळे असतात.

मावशी

८ मार्च

मावशी,

मी साहेबांना चौथऱ्यापाशी नेलं.

निमित्त असं काढलं की पाहुण्यांना कुठल्या वाटेने फिरवायचं ते एकदा चालून बघू. साहेब खूश. प्लांटमध्ये ते फारसे जात नाहीत, त्यांच्या हेल्मेटवर अजून किमतीची चिठ्ठी आहे. वाटेत टाक्यांपेक्षा ते मॉडेलमधल्या टाक्यांबद्दलच बोलत होते. आम्ही पी-१०४ च्या जागी पोचलो. मी थांबले. तू सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले. साहेबांनी धडधडणाऱ्या ए कडे बघून नाक मुरडलं. मग त्यांची नजर रिकाम्या चौथऱ्याकडे गेली. तिथेच थांबली.

साहेब म्हणाले, "वा. हा बघा किती छान ठेवलाय."

आणि पुढे निघाले.

मी तिथेच उभी राहिले. मांजराने माझ्याकडे पाहिलं. मावशी, काकांना निदान आरसा तरी होता.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आता मला एक वेगळीच धास्ती लागून राहिली आहे. एप्रिलमध्ये शटडाउन आहे, म्हणजे प्लांट भागाभागाने बंद करून मोठी दुरुस्ती. त्यात पी-१०४ च्या मागचा पाइप कापून नवा बसवायचा आहे. कापण्याआधी कुठले व्हॉल्व्ह बंद केले की तो पाइप गॅसपासून पूर्ण तुटतो, हे मॉडेल बघून ठरवतात. मॉडेल म्हणतं, बी पंपाकडे जाणारा पाइप पंपापाशी संपतो. पण पंपच नाही. मग तो पाइप संपतो कुठे? काढताना त्याचं तोंड बंद केलं की दुसरीकडे कुठे जोडून दिलं? कोणालाच ठाऊक नाही. चौथऱ्यामागे पत्र्याच्या आणि कापसाच्या आवरणात गुंडाळलेल्या पाइपांची एवढी गर्दी आहे की कोण कुठे जातं ते बाहेरून दिसतच नाही. वेल्डर कापण्याआधी गॅस तपासतात, ते खरं. पण तपासणी त्या घटकेपुरती. नंतर कोणी भलताच व्हॉल्व्ह फिरवला तर?

'पाइप पूर्ण तुटला आहे' या कागदावर आधी माझी सही लागते, मग साहेबांची.

पाहुणे वीस तारखेनंतर येणार आहेत. त्यांच्यासमोर बोलू का?

ठकू

१५ मार्च

ठके,

माझ्या आरशाच्या युक्तीचं असं होईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या काकांना चष्म्याशिवाय काही दिसायचं नाही, तुझ्या साहेबांना चष्मा लावूनही दिसत नाही, हा फरक माझ्या लक्षातच आला नाही.

पाहुण्यांसमोर बोलू नकोस. परक्या माणसांसमोर घरच्या माणसाला उघडं पाडलं तर तो जन्मभर लक्षात ठेवतो. पाहुणे चहा पितील, मान डोलावतील, जातील. मग साहेबांना एकटं गाठ आणि सरळ तोंडावर सांग. या वेळी चौथरा नको, आरसा नको.

माझ्याकडची बातमी म्हणजे परवा माझी लायसनची परीक्षा होती. नापास झाले. मागे घेताना एक खांब जरा पुढे आला. मास्तर म्हणतात खांब होता तिथेच होता. खांबाला काही झालं नाही, पण परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा चहा त्यांच्या पॅंटवर सांडला आणि त्यांनी तेच मनाला लावून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा.

सगळ्यात वाईट म्हणजे ताईला कळलं. ती मला शोधत वाचनालयात गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, त्या तर कित्येक दिवस फिरकल्या नाहीत. ताई घरी येऊन माझ्या दारातच खुर्ची टाकून बसली. मी आले तशी म्हणाली, "कोण आहे तो?" तुझ्यात हे कुठून आलंय ते कळलं. मी गाडीचं सांगितलं. ती उठून वर गेली. दोन दिवस झाले, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. वरून खाली उलथनं आपटल्याचा आवाज येतो तेवढाच.

मावशी

२६ मार्च

मावशी,

मी पाहुण्यांसमोर बोलले. रागावू नकोस, आधी काय झालं ते ऐक.

मुख्य कार्यालयातून चौघं आले. त्यांच्या प्रमुख एक बाई होत्या, पांढरे केस, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी अंधार करून पडद्यावर मॉडेल फिरवून दाखवलं. एका क्लिकवर टाकी, एका क्लिकवर टाकीचं झाकण. सगळे माना डोलवत होते, तू म्हणालीस तसंच. मी शेवटच्या रांगेत, तोंड मिटून. मग त्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं राखलेलं यंत्र कुठलं?"

साहेबांनी एक क्लिक केला.

पडद्यावर पी-१०४ बी आला, हिरवागार. शेजारी वर्षानुवर्षांचे शेरे. बाईंनी ते सगळे शांतपणे वाचले. म्हणाल्या, "असा पंप मी कधी पाहिला नाही. चला, बघू."

सगळी वरात निघाली. पुढे साहेब, मागे बाई, मग बाकीचे, सगळ्यात शेवटी फोरमन. त्याचा चेहरा असा की त्यालाच कापायला नेतायत. चौथऱ्यापाशी सगळे थांबले. मांजर उठून निघून गेलं. त्याला कळलं असावं.

मग दुरुस्ती खात्याचे मुख्य म्हणाले, "दुरुस्तीला नेला असेल."

बाई म्हणाल्या, "काल तपासलाय असं लिहिलंय. तापत नाही म्हणे."

खरेदीचे म्हणाले, "आमच्या नोंदीप्रमाणे आहे."

साहेब चौथऱ्याकडे बघत होते. आता त्यांना दिसत होतं. मावशी, त्यांचा चेहरा बघून मला अजिबात हसू आलं नाही. शाळेत नाटकात भाषण विसरलेल्या मुलासारखे दिसत होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "इकडे कुठे तरी असेल," आणि मागच्या पाइपांकडे हात केला.

त्या पाइपांकडे हात केला आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "हा पंप नाहीये. फार पूर्वी काढलाय. पण न सापडणाऱ्या पंपाने कोणाला काही होत नाही. याच्यामागे असं काही असू शकतं जे मॉडेलमध्ये नाही, आणि पुढच्या महिन्यात आपण तिथे पाइप कापणार आहोत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणखी काय काय नाहीये?" पाहुणे चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगू शकला असता." मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही ड्रॉइंगच्या गोदामात बसा, जुनी ड्रॉइंग लावायची आहेत." आता मी गोदामात आहे. खिडकी नाही. कोणी येत नाही. आले तरी "आहे का कोणी?" असं विचारतात, मी समोर बसलेली असताना.

आईला सांगू नकोस.

ठकू

१ एप्रिल

ठके,

रागावले नाही. माझे दोन्ही सल्ले फुकट गेले, म्हणून तिसरा देत नाही.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. त्या पाइपाचं काय झालं? तू गोदामात बसलीस, साहेब रुसून बसले, पाहुणे चहा न घेता गेले, हे सगळं कळलं. पण पाइप कोणी बघितला का? गोदामात बसवल्याने तुझी सही काही गोदामात गेली नाही. बघितल्याशिवाय सही करू नकोस, हा सल्ला नाही, हा हुकूम आहे. त्या कापणाऱ्या माणसालाही घरी कोणी मावशी असेल.

ताईला मी सांगितलं. सगळं. काय करू, ती दोन आठवडे बोलत नव्हती आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे तेवढी एकच बातमी होती. मला वाटलं ती म्हणेल, बोलाव तिला घरी. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती बोलली ना सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, हो. "मग ठीक आहे," म्हणाली आणि वर गेली. थोड्या वेळाने जिन्यात परत पावलं वाजली. दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्या गाडीचं आवरण मळलंय. धुवायला टाक."

तिचं हे असंच आहे. पण बोलली.

मावशी

१४ एप्रिल

मावशी,

तुझा हुकूम पाळला.

कागद गोदामात आला, सहीसाठी. मी त्यावर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करू शकत नाही,' आणि परत पाठवला. दुपारी पुन्हा आला, वर 'तातडीचे' असा शिक्का मारून. मी तसाच परत पाठवला. तिसऱ्यांदा नुसता कागद आला नाही, तो घेऊन साहेब आले. गोदामात दिवा लावायला बटण शोधत राहिले, ते मीच दाखवलं. समोरच्या स्टुलावर बसले.

म्हणाले, "तुमची सही नाही, म्हणजे या कागदावर माझी एकट्याचीच राहील."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "माझा मुलगा वेल्डिंग शिकतोय. मला न विचारता. घरी यावरून रोज वाद होतात." मला हे माहीत नव्हतं. मग उठून म्हणाले, "चला. फोरमनला बोलवा. आणि ते मॉडेल आणू नका."

आम्ही तिघं चौथऱ्यामागे गेलो. पाइप शेवटपर्यंत हाताने चाचपत जायचं ठरलं. फोरमन एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. साहेब मध्ये, दोघांना सूचना देत. आवरणाखाली सगळं सारखंच दिसत होतं. मी हळूहळू पुढे सरकत होते, तेवढ्यात मागे 'टण्ण' असा आवाज झाला. वळून पाहिलं तर साहेब दोन्ही हातांनी हेल्मेट धरून उभे. त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, पंपाचा जुना पाइप आणि शेजारची चालू लाइन यांच्या मधोमध, एक आडवा नळ होता. बोटभर जाड आवरणात गुंडाळलेला. त्याच्यावर एक छोटा व्हॉल्व्ह, टॅग नसलेला. कुठल्याच ड्रॉइंगमध्ये तो नव्हता. पंप काढल्यावर कोणीतरी सोयीसाठी जोडून ठेवला असणार आणि मग विसरून गेला असणार.

साहेबांनी हेल्मेट सोडलं आणि आवरण बाजूला सारून नळावर हात ठेवला. "गार आहे," म्हणाले. "यातून काहीतरी वाहतंय." फोरमनने कान लावला. त्याचा चेहरा उतरला. व्हॉल्व्ह पुरता बंदही नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिथे एक माणूस कटर घेऊन उभा राहणार होता, मावशी.

साहेब मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला इथे आणलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "माझी मावशी म्हणाली होती, चूक तुमची तुम्हाला सापडू द्यावी."

त्यांनी हेल्मेटवरून हात फिरवला. म्हणाले, "मावशींना सांगा, सापडली. थोडा वेळ लागला."

शटडाउन पुढे ढकललाय. आता सगळा प्लांट पायी फिरून बघायचं चाललंय, आणि साहेब रोज स्वतः येतात. मॉडेलमध्ये त्यांनी एक नवा रंग घालायला लावला, करडा. जे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही ते करडं. पहिल्या दिवशी अख्खा प्लांट करडा झाला. मला वाटलं साहेब आता आजारी पडणार. पण परवा मुख्य कार्यालयातल्या त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी पडदा उघडून अभिमानाने सांगितलं, "हे बघा, एवढं सगळं आम्हाला माहीत नाही." बाईंनी या वेळी चहा घेतला.

मी गोदामातून परत वर आले आहे. पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे, पण घरी यायची सोय होत नाही, बसची जागा मिळेना.

ठकू

२० एप्रिल

ठके,

बसचं तिकीट काढू नकोस. मी पास झाले. परीक्षा घेणारे साहेब या वेळी चहा न घेता बसले होते, त्यामुळे त्यांचंही काही बिघडलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघतो. दुपारपर्यंत तुमच्या फाटकाशी पोचू, तिथे फोन काढून घेतात तशी गाडी काढून घेत नसतील तर. आम्ही म्हणजे मी आणि तुझी आई. तिला मी ये म्हटलं नव्हतं. काल गाडी बाहेर काढायला गेले तर ती आधीच पुढच्या सीटवर बसलेली होती, मांडीवर पिशवी, नजर समोर. म्हणाली, "तू एकटी गेलीस तर मला इथे बसून काळजी करावी लागेल. त्यापेक्षा शेजारी बसून करते."

म्हणून काल तिला घेऊन सरावाला गेले, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. प्रत्येक वळणावर ती पाय जोरात खाली दाबते. गाडी हळू झाली की समाधानाने मान डोलावते. घरी आल्यावर शेजारणीला सांगत होती, "ही चालवते बरी, पण थांबवावं मलाच लागतं."

तिच्या बाजूला ब्रेक नसतो हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. प्रवास लांबचा आहे.

मावशी